किती खरखर ठेवायची, बाई?

आधी कामाचं सांगते. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शहागंजच्या घड्याळाच्या टॉवरपासून पायी पाचेक मिनिटांवर एका बोळात, गाद्या-रजयांच्या दुकानाच्या वर, एक चाचा बसतात. जुन्या रेकॉर्डी धुऊन, नीट करून, त्यातली गाणी पेन ड्राइव्हवर उतरवून देतात. पाटी नाही. लाकडी जिना दुकानाच्या बाजूनं वर जातो, तो सांभाळून चढायचा. नाव आणि फोन नंबर कुठंही टाकायचा नाही, असं त्यांनी मला निक्षून सांगितलंय. एकटा माणूस आहे, गर्दी झाली तर काम बिघडेल म्हणाले. म्हणून टाकत नाही. शहागंजात ‘तबकडीवाले चाचा’ म्हणून विचारा, चहावालासुद्धा जिना दाखवतो.

मी ६३ रेकॉर्डी दिल्या होत्या. दर असे: ईपीला, म्हणजे दोन-चार गाण्यांच्या लहान तबकडीला, १२०, एलपीला, म्हणजे मोठ्या तबकडीला, ३५० आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या ७८वालीला २०० रुपये. ६१ जमल्या, ११,६२० रुपये झाले. एक एलपी आणि एक लाखेची जमली नाही, त्यांचे पैसे घेतले नाहीत. बोली चार आठवड्यांची होती, लागले सात.

आता त्या रेकॉर्डी कुणाच्या, हे सांगितल्याशिवाय चाचांनी काय केलं ते कळायचं नाही.

आमच्या दादांचा, म्हणजे वडिलांचा, परभणी जिल्ह्यात सेलूला लाऊडस्पीकरचा धंदा होता. अहुजाचा एक ॲम्प्लिफायर, दोन भोंगे, बॅटरीवरही फिरणारा एक प्लेयर, दोन बॅटऱ्या आणि पत्र्याची निळी ट्रंक. लग्न, बारसं, जत्रा, सप्ता, निवडणूक, जे येईल ते. सामान बैलगाडीतून जायचं. गावात पोचलं की दादा आधी लिंबाचं उंच झाड बघायचे, भोंगा वर बांधायचे, मगच पाणी प्यायचे. ट्रंकेतल्या बहुतेक रेकॉर्डी १९७० ते ७४ या चार-पाच वर्षांत घेतलेल्या. मनमाड–काचीगुडा छोट्या रेल्वेनं रात्री निघायचे, हैदराबादला सुलतान बाजारात रेकॉर्डी घ्यायचे आणि त्या मांडीवर घेऊन परत यायचे. खाली ठेवायचे नाहीत, डब्यात कुणाचा पाय लागेल म्हणून.

त्या चार-पाच वर्षांत मराठी गाण्यात आणि संगीत नाटकात जे घडलं, ते मुंबई-पुण्याच्या माणसांनी थिएटरात बसून पाहिलं. आमच्या वस्त्या-वाड्यांवर ते लिंबाच्या झाडावरून आलं. माझ्या दादांनी उभ्या आयुष्यात एकही संगीत नाटक पाहिलं नाही. तरी त्यांच्या ट्रंकेत नाट्यपदांच्या सहा एलपी निघाल्या.

दादा जाऊन बारा वर्षं झाली. ट्रंक माळ्यावर होती. मी शाळेतून निवृत्त झाले आणि ती खाली काढली. चाचांकडे जायच्या आधी मी तीन रेकॉर्डी दुसऱ्या एका मोठ्या शहरातल्या दुकानात दिल्या होत्या. वातानुकूलित जागा, छापील पावती, दोन दिवसांत काम. गाणी आली ती अशी, की गाणारी बाई हौदाच्या तळाशी बसून गातीये. खरखर काढता काढता त्यांनी टाळ, घुंगरू, बाईचा श्वास, सगळंच पुसून टाकलं होतं. ढोलकीची चाट तर राहिलीच नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, मॅडम, क्लीन ऑडिओ असाच असतो. मला रडू आलं त्या दिवशी, खरंच.

चाचांनी पहिल्या दिवशी कुठल्या गायकाची, कुठल्या सिनेमाची, काहीच विचारलं नाही. एकेक रेकॉर्ड काढून टेबलावरच्या दिव्याखाली तिरपी धरली आणि फिरवून बघत राहिले. मी समोर बसून. अर्ध्या तासानं बोलले, “ही लग्नातली. ही पण. ही जत्रेतली, धूळ खाल्लीये हिनं. ही घरातली.” मला वाटलं कव्हरवर काही लिहिलेलं असेल. कव्हरं तर निम्म्यांना नव्हतीच. त्यांनी दिवा हलवून दाखवलं. न वाजलेली खाच काळी चकचकीत दिसते. फार वाजलेली करडी पडते, मुरूम टाकलेल्या पायवाटेसारखी. जड हाताच्या प्लेयरवर, झिजलेल्या पिनेनं शंभर-दोनशे वेळा वाजलेल्या गाण्याची पट्टी लांबूनसुद्धा ओळखू येते. कुठल्या गाण्याला गावानं किती वेळा मागितलं, ते तबकडीवरच उमटलेलं असतं.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो त्या मोठ्या दुकानात कुणी विचारला नव्हता. “किती खरखर ठेवायची, बाई?”

मला उत्तर देता येईना. ते म्हणाले, मी दोन प्रती देतो. एक जशीच्या तशी. दुसरीत फक्त टकटक काढतो, आवाजाला हात लावत नाही. ऐका आणि मग सांगा.

काम कसं करतात ते मी दोन खेपा जवळ बसून पाहिलंय, म्हणून सांगते. धुवायला डिस्टिल्ड वॉटर आणि अगदी थेंबभर सौम्य साबण. मऊ ब्रश खाचेच्या दिशेनंच फिरतो, आडवा कधीच नाही. लाखेच्या रेकॉर्डीला स्पिरिट लावत नाहीत, लाख विरघळते. घरी कापसानं स्पिरिट लावून ‘साफ’ केलेल्या ७८ त्यांच्याकडे लोक आणतात आणि ते हात जोडून परत देतात. वाजवायला पिनाही वेगळ्या. ७८च्या खाचा एलपीच्या खाचांपेक्षा जवळजवळ तिप्पट रुंद असतात, एलपीची बारीक पिन त्यात लावली तर ती तळाशी घासत जाते आणि नुसता कचरा ऐकू येतो. तबकडीचं मधलं भोक जरा बाजूला पडलेलं असेल तर सूर हेलकावे खातो, तर ते आधी तबकडी सरकवून मध्य साधतात. जुन्या मोनो रेकॉर्डीला, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा नसलेल्या रेकॉर्डीला, पिनेकडून येणारा डाव्या-उजव्या बाजूंचा आवाज एकात एक मिसळतात. गाणं पिनेला आडवं हलवतं, धूळ आणि झीज तिला बरीचशी वरखाली हलवते. दोन्ही बाजू एकत्र केल्या की वरखालीची खरखर आपसात मिटते आणि गाण्याला धक्का लागत नाही. हे मला त्यांनी वाटीत चमचा फिरवून समजावलं. विज्ञान शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, पण इतकं सोपं मी कधी शिकवलं असेन असं वाटत नाही.

आणखी एक कळलं. रेकॉर्डीच्या एका बाजूचं शेवटचं गाणं नेहमी फाटल्यासारखं का वाजतं? तबकडी एकाच वेगानं फिरते, पण आतल्या वर्तुळाचा घेर लहान, म्हणजे तेवढ्याच सेकंदाचा आवाज कमी जागेत कोंबलेला. पिनेला ते वळण झेपत नाही. दादा लग्नात नवरी निघायच्या वेळी शेवटचं गाणं कधी लावायचे नाहीत, पिन उचलून दुसरी रेकॉर्ड लावायचे. का ते त्यांनी सांगितलं नव्हतं. आता कळलं.

ट्रंकेत दादांची एक वही होती. चाचांनी ती माझ्याआधी वाचली. दर बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची, अमीन सयानींच्या आवाजात, आणि दादा नंबर लिहून घ्यायचे. पुढच्या हैदराबादच्या खेपेला काय आणायचं ते त्यावरून ठरायचं. वर्षाच्या शेवटच्या पानावर पहिल्या नंबरच्या गाण्याला चौकट केलेली. १९७१ला ‘अंदाज’मधलं ‘जिंदगी एक सफर है सुहाना’, १९७२ला ‘दम मारो दम’, १९७३ला ‘जंजीर’मधलं ‘यारी है ईमान मेरा’. ‘दम मारो दम’पुढं दादांनी पेन्सिलीनं लिहिलंय, ‘सप्त्यात लावू नये’. पण ती पट्टी करडी आहे, म्हणजे बाकी सगळीकडं लागलं.

आता ‘पिंजरा’. या एका ईपीसाठी मी हे सगळं लिहितेय असं म्हणा.

१९७१ला दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ आला आणि १९७२ला व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’. दोन्हींना संगीत राम कदमांचं. एका पाठोपाठ एक अशा या दोन सिनेमांनी तमाशाची ढोलकी पुन्हा घराघरात नेली. ‘पिंजरा’ची गाणी जगदीश खेबुडकरांची. उषा मंगेशकरांच्या लावण्या सगळ्यांना पाठ झाल्या, आणि ‘कशी नशिबानं थट्टा आज मांडली’ हे विष्णू वाघमारे यांनी म्हटलेलं गाणं आमच्याकडं एका वेगळ्याच कारणानं पाठ झालं.

आधीची वर्षंही ओढगस्तीचीच होती, ७२ला पाऊस गेलाच. लग्नं थांबली. जत्रा भरल्या त्या नावाला. भोंग्याचं काम बंद पडलं आणि आई-दादा दोघंही दुष्काळी कामावर रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागले. मी सातवीत. शाळेत सुकडी मिळायची, घरी अमेरिकेच्या लाल मिलोची, म्हणजे तिकडच्या ज्वारीची, भाकरी, जी थापता थापता तुटायची. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. दादांचे हात सोलून निघालेले मी पाहिलेत. त्याच हातांनी ते रविवारी ट्रंक उघडून रेकॉर्डी पुसायचे.

मार्चमधली गोष्ट. पगाराच्या दिवशी कामावरची माणसं म्हणाली, भोंगा आणा की. पैसे कुणाकडं नव्हते. गिरणीवाल्यानं बॅटरी फुकट चार्ज करून दिली. दादांनी खडीच्या ढिगाजवळच्या बाभळीला भोंगा बांधला, मी शेजारी रेकॉर्डी धरून बसले. पहिल्यांदा लावण्या लावल्या. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आईला मी कित्येक महिन्यांनी हसताना बघितलं. मग एक म्हातारे बाबा पुढं आले आणि म्हणाले, ते नशिबाचं लाव बरं. लावलं. परत लाव म्हणाले. परत लावलं. सगळे गप्प. कुणीतरी हातोडी हातात धरूनच बसलेलं. तिसऱ्यांदा लावलं आणि तेवढ्यात वावटळ आली. धूळ, पाला, सगळं भिरभिरलं, प्लेयरचं झाकण आपटलं आणि पिन रेकॉर्डीवरून घसरली. गाण्याच्या सुरुवातीच्या ओळीवरच आडवा ओरखडा पडला.

त्या दिवसापासून ते गाणं तिथं अडकायचं. दोनदा तोच तुकडा यायचा, मग दादा बोटानं जरा ढकलायचे. आम्ही तिघी बहिणी ते गाणं तसंच म्हणायचो, दोनदा अडकून. पुढं रेडिओवर न अडकता ऐकलं तेव्हा मला चुकल्यासारखं वाटलं होतं.

चाचांनी ओरखडा बघितला आणि म्हणाले, हा मी जोडू शकतो, बाई, उडी दिसणार पण नाही. मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला. पेन ड्राइव्हवर त्या गाण्याच्या तीन प्रती आल्या. एक जशीच्या तशी, एक टकटक काढलेली, आणि एक अशी की ज्यात बाकी सगळं नीट आहे, फक्त ती अडकण दोनदा तशीच ठेवलीये. तिसरीचे पैसे वेगळे घेतले नाहीत. माझ्या बहिणी लातूरला आणि नांदेडला असतात, त्यांना मी तीच पाठवली.

आणि ‘कट्यार’. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आलं १९६७च्या डिसेंबरात, पण आमच्या ट्रंकेत त्याची एलपी आली ७१ला, वहीत तारीख आहे. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. संगीत नाटक म्हातारं झालं असं लोक म्हणत असताना अभिषेकींनी पदं आटोपशीर केली, प्रसंगाला धरून बांधली, आणि दोन घराण्यांचं भांडण सुरांतूनच उभं केलं. हे मी पुढं पुस्तकांत वाचलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की ही रेकॉर्ड कुणी मागत नाही. लग्नात कोण मागणार?

चाचांनी ती दिव्याखाली धरली. सगळी चकचकीत. फक्त एक पट्टी करडी. “हे कुणी मागितलेलं नाही. पण हे एक गाणं कुणीतरी रोज ऐकलंय.”

लावलं. ‘सुरत पिया की’. रागामागून राग बदलत जाणारं, वसंतरावांच्या आवाजातलं.

मी म्हणाले, आमच्या घरी हे कधी वाजलेलं मला आठवत नाही. चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी उठून ॲम्प्लिफायर बंद केला. प्लेयर फिरत ठेवला. खोलीत शांतता झाली आणि मग, अगदी बारीक, मुंगीच्या आवाजात, वसंतराव गायला लागले. पिनेतूनच. स्पीकर नसला तरी पिन खाचेत थरथरते आणि तिचाच पुसट आवाज येतो. कान जवळ न्यावा लागतो.

आणि मला दिसलं. दुष्काळाच्या त्या वर्षातल्या रात्री. आम्ही अंथरुणात, आणि कोपऱ्यात दादा प्लेयरवर वाकलेले, एक कान खाली, तबकडीच्या अगदी जवळ. मला वाटायचं ते प्लेयर दुरुस्त करतात. आम्ही जागे होऊ नये म्हणून त्यांनी आवाज बंद ठेवला होता. दिवसभर खडी फोडून आलेला माणूस रोज रात्री ते एक पद पिनेला कान लावून ऐकत होता.

त्या दिवशी मी पुढचं काही बोलू शकले नाही. चाचांनी रेकॉर्ड संपेपर्यंत ॲम्प्लिफायर चालू केला नाही.

चाचांचं स्वतःचं एक कपाट आहे, ते ओळख झाल्यावर उघडतात. सत्तरच्या सुमाराला ते पोरगे होते, तेव्हा वेरूळ-अजिंठ्याला येणारे हिप्पी औरंगाबादला उतरायचे आणि तिकिटाच्या पैशांसाठी सामान विकून जायचे. कुणी घड्याळ, कुणी बूट. चाचांच्या वडिलांचं भंगाराचं दुकान होतं, चाचांनी त्यातून रेकॉर्डी उचलल्या. ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ची दोन तबकड्यांची जोडी त्यांच्याकडे आहे. ते संगीत नाटक आधी १९७० मध्ये रेकॉर्ड म्हणून आलं आणि वर्षभरानं, १९७१च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर उभं राहिलं. आधी तबकडी, मग रंगमंच. माझ्या दादांपर्यंत ‘कट्यार’ अशीच तबकडीतून आली आणि तिथंच थांबली.

दुसरी वस्तू म्हणजे ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ची तीन तबकड्यांची पेटी. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बांगलादेशातल्या निर्वासितांसाठी पंडित रविशंकरांनी ‘बीटल्स’वाल्या जॉर्ज हॅरिसनना शब्द टाकला आणि एका दिवसात दोन कार्यक्रम झाले. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ आणि तबल्यावर अल्लारखा. वाद्यं जुळवून झाली आणि हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं वाजवून झालं. रविशंकरांनी गोडीत सांगितलं की जुळवणं एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल. चाचांनी तो तुकडा मला लावून दाखवला, दोनदा. म्हणाले, सतरा वर्षांचा असताना हे ऐकलं आणि ठरवलं की आयुष्यभर हेच करायचं. त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

मी बसले असताना विद्यापीठात नाटक शिकणारा एक मुलगा ‘घाशीराम कोतवाल’ची कॅसेट घेऊन आला. कुणीतरी प्रयोगात बसून टेप केलेली, प्रेक्षकांच्या खोकल्यासकट. मुलगा भरभरून बोलत होता. पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२, पुण्याचं भरत नाट्य मंदिर, तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कीर्तन-अभंग-लावणी एका माळेत, माणसांचीच भिंत. १९ प्रयोगांनंतर ज्या संस्थेचं नाटक तिनंच ते थांबवलं आणि मग ते करणाऱ्यांनी ७३ला थिएटर अकॅडमी काढली. मी मनात महिना मोजत होते. डिसेंबर ७२. आई-दादांचा रस्त्यावरचा तो पहिला महिना. चाचांनी त्या मुलाकडून विद्यार्थी म्हणून निम्मे पैसे घेतले आणि खोकले काढू का विचारलं. तो म्हणाला, नको, चाचा, खोकले राहू द्या. मला तो मुलगा फार आवडला.

पाऊस ७३ला आला. पुढच्या लग्नसराईत दादांना एक दिवस मोकळा नव्हता. त्या हंगामातली ‘बॉबी’ची ईपी सगळ्यांत झिजलेली आहे, ‘झूठ बोले कौआ काटे’ तर चाचांनाही पुरतं सावरता आलं नाही, मधे मधे नुसती सुपात धान्य पाखडल्यासारखी सळसळ येते. दोन वर्षं थांबलेली लग्नं एकदम लागली होती, त्याचा तो आवाज आहे, मी तो काढायला सांगितला नाही.

१९७४ला शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली आणि ‘शिवकल्याण राजा’ निघाली. लताबाईंचा आवाज, हृदयनाथांचं संगीत, बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. दुष्काळानंतर दादांनी पूर्ण पैसे देऊन, उधारी न करता घेतलेली ती पहिली एलपी. तिच्यात समर्थांचं ‘निश्चयाचा महामेरू’ आहे. समर्थ आमच्याच भागातले, जांबचे. पुढच्या रामनवमीला दादा दोन्ही भोंगे घेऊन जांबच्या उत्सवाला गेले आणि समर्थांच्या गावात समर्थांचे शब्द लताबाईंच्या आवाजात लावले. पैसे घेतले नाहीत. ही एलपी उन्हानं वाकली होती. माळ्यावर पत्र्याखाली, आमच्याकडचा मे महिना, काय होणार? चाचांनी दोन काचांमध्ये ठेवून मंद उबेवर तीन दिवसांत सरळ केली. दुसरी एक एलपी अशीच वाकलेली होती, ती नाही झाली सरळ, सोडून दिली.

तक्रारी आहेत, त्या लिहिते. फोन चारच्या आधी उचलत नाहीत. पावती मागितली तर वहीच्या कागदावर मिळते. पेन ड्राइव्हवर गाण्यांना नावं नव्हती, नुसते आकडे, मला ६१ रेकॉर्डींची यादी स्वतः जुळवत बसावं लागलं, त्यात दोन ईपींच्या बाजू उलटसुलट निघाल्या. सात आठवड्यांत मी दोनदा सेलूहून रेल्वेनं हेलपाटा घातला, त्यातला एक वाया गेला कारण त्या दिवशी ते दवाखान्यात होते आणि कळवलं नव्हतं. ज्येष्ठ माणसाला तो जिना अवघड आहे. कुरिअरनं ते काही घेत नाहीत. घाई असेल तर जाऊ नका.

जाणार असाल तर रेकॉर्डी उभ्या न्या, पुस्तकासारख्या, एकीवर एक आडव्या रचू नका. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत ठेवून बाजारात फिरू नका. घरी पुसू नका, पावडर तर मुळीच नको. कव्हर फाटकं असलं तरी फेकू नका, त्यावरच्या खुणा चाचांना लागतात. जुन्या वह्या, चिठ्ठ्या असतील तर त्याही न्या. आणि थोडा वेळ काढून बसा तिथं.

पेन ड्राइव्ह घेऊन घरी आले. आई आता ८६ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं पण गाणं ओळखते. मी लेकाचा छोटा ब्लूटूथ स्पीकर तिच्या खाटेजवळ ठेवला आणि ‘पिंजरा’तलं ते अडकणारं गाणं लावलं. ती ऐकत राहिली, पण चेहरा हलेना. मला वाटलं तिला आठवत नाही.

मग म्हणाली, “इतक्या जवळून कुठं ऐकलं होतं आपण? लांब बांध.”

शेजारच्या काकांच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. मी त्यांना विचारून स्पीकर टाकीवर ठेवला, आवाज पूर्ण केला आणि खाली अंगणात येऊन तिच्याजवळ बसले. वारा होता, गाणं मधेच जवळ यायचं, मधेच लांब जायचं. अडकलं. एकदा. दोनदा.

आईनं उजव्या हाताचं बोट हवेत जरासं पुढं ढकललं, दादा ढकलायचे तसं. आणि गाणं पुढं गेलं.